ज्वारीसारखे दिसणारे गवत: नुसता तुरा नको, काशीसकट नमुना द्या

प्रश्न: ज्वारीत ज्वारीसारखेच गवत उगवते. दोनदा नांगरले, तर आणखीच पसरले. फोटो पाठवला तर तुम्ही वाळवलेला नमुना मागता. वाळक्या गवतावरून काय कळणार? आणि वनस्पतिसंग्रहाच्या (वाळवलेले नमुने जपून ठेवतात त्या जागेच्या) जुन्या नोंदींत हे गवत आमच्या भागात नाहीच म्हणतात, मग आमच्याकडे कुठून आले?

उत्तर: वर्णनावरून हे जॉन्सन गवत, म्हणजे बरू, वाटते. पण नुसत्या वाटण्यावर फवारणी ठरवता येत नाही. सुदान गवत वरून जवळपास असेच दिसते. खरा फरक मातीखाली असतो. बरूला हरळीसारख्या, पण पेन्सिलीएवढ्या जाड काश्या, म्हणजे जमिनीखाली आडवी पसरणारी खोडे, असतात, सुदान गवताला त्या नसतात. तुमची नांगरट उलटली तीही इथेच. काशीचा एका पेराचा तुकडासुद्धा फुटतो, म्हणजे नांगराने तुम्ही बेणे तोडून शेतभर लावलेत!

निसवलेले झाड खणून काढा, ओढू नका, काशी तुटते. माती झटकून वर्तमानपत्रात पसरा. संग्रहाचा कागद साधारण 42 बाय 29 सेंटीमीटरचा असतो, त्यात बसेल असे उंच ताट ‘एन’ अक्षरासारखे दुमडा. वर वजन ठेवून पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. गळालेले बी पुडीत बांधून सोबत ठेवा. प्लास्टिकची पिशवी मुळीच नको, एकदा माझ्यापर्यंत गवताऐवजी बुरशीच पोचली होती. चिठ्ठीवर तारीख, नेमके ठिकाण, पीक, झाडाची उंची, गवत किती जागेत पसरले आहे आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहा. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे वैरणीची काडी.

आता जुन्या नोंदींचे. नोंद नाही म्हणजे गवत नव्हते असे नाही, कोणी ते गोळा केले नाही एवढेच. संग्राहक बहुधा रस्त्याकडेने फिरतात, उभ्या पिकात क्वचितच शिरतात. शिवाय नावांचा घोळ आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या गवताला होल्कस हॅलेपेन्सिस म्हटले, 1805 मध्ये पर्सून या दुसऱ्या शास्त्रज्ञाने त्याला सॉर्घममध्ये, म्हणजे ज्वारीच्या गटात, आणले, मधूनच ते अँड्रोपोगॉन म्हणूनही नोंदले गेले. फक्त आजच्या नावाने शोधलेत तर जुने कागद हाती लागणार नाहीत. आणि सर्वांत जुना नमुना सापडला, तरी त्यावरची तारीख गवत आल्याची नसते, ते कोणाच्या तरी नजरेस पडल्याची असते.

वाळक्या काडीचे मोल सांगतो. युरोपात गव्हाला छळणाऱ्या ब्लॅकग्रास या तणाचे जुने नमुने संशोधकांनी तपासले. 1888 च्या एका नमुन्यात आजच्या काही तणनाशकांना दाद न देणारा जनुकीय बदल सापडला, तोही ती औषधे जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे असे एखादे झाड रानात आधीच असू शकते. दरवर्षी एकाच गटाचे औषध मारत राहिलात, तर बाकीची मरतात आणि त्याला रान मोकळे मिळते. बरूचेही ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणारे वाण अर्जेंटिनात व अमेरिकेत आढळले आहेत. म्हणून ओळख पटेपर्यंत फवारणी थांबवा. कुळवानंतर वर आलेल्या काश्या वेचून उन्हात कडक वाळवा आणि जाळा. बांधावर टाकल्यात तर तिथेच रुजतील.

कोणी विचारले, जनावरांना चारू का? पाण्याच्या ताणातले किंवा कापणीनंतर फुटलेले कोवळे बरू चारू नका, कोवळ्या ज्वारीसारखीच विषबाधा होते. निसवलेले चारलेत, तर त्याचे बी शेणखतातून पुन्हा शेतात येते.