‘आमचं राज्य ओशात नाही’ असं मॅनेजर म्हणतो तेव्हा

प्रश्न : मी अमेरिकेत फिनिक्सजवळच्या एका मोठ्या गोदामात प्रोसेस इंजिनियर आहे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. कन्व्हेयरची संरक्षक जाळी काढून माल चालवतात, म्हणून मी लेखी तक्रार केली. मॅनेजर म्हणाला, ‘ॲरिझोना ओशातून (कामगारांच्या सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेतून) बाहेर पडलंय, फेडरल नियम इथे लागत नाहीत.’ आठवड्याभरात माझी रात्रपाळी लागली. हे खरं आहे का? मी काय करू?

उत्तर : तुमच्या मॅनेजरने अर्धी गोष्ट ऐकली आहे आणि सोयीची तेवढीच ऐकली आहे.

कामगारांच्या सुरक्षेच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याच्या अठराव्या कलमाने राज्यांना एक मुभा दिली : स्वतःची सुरक्षा योजना करा, ती केंद्राच्या नियमांइतकी तरी परिणामकारक ठेवा, मग अंमलबजावणी तुमच्याकडे. खर्चाचा निम्म्यापर्यंतचा वाटाही केंद्र उचलतं. खासगी कामगारांना लागू असलेल्या अशा योजना एकवीस राज्यांत आणि पोर्तो रिकोत आहेत. ॲरिझोना त्यातलंच एक. म्हणजे तिथे निरीक्षक राज्याचा येतो, एवढाच फरक. राज्य नियम कडक करू शकतं; कॅलिफोर्नियाने उष्णतेसाठी वेगळे नियम केलेच आहेत. सैल मात्र करता येत नाहीत. जाळीचा नियम तुमच्या गोदामालाही लागू आहेच.

योजना गुंडाळली तर? मोकळं रान मिळत नाही, खासगी कंपन्यांवर केंद्राचा निरीक्षक परत येतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ॲरिझोनाच्याच योजनेची अंतिम मान्यता काढण्याचा प्रस्ताव मांडला होता. राज्याने सुधारणा केल्यावर २०२३ च्या फेब्रुवारीत तो मागे घेतला. बहुधा हीच बातमी उलटीसुलटी होऊन तुमच्या मॅनेजरपर्यंत पोचली असावी. खरी पोकळी आहे ती टेक्साससारख्या राज्यांत, तीही सरकारी नोकरांसाठी : राज्याची योजना नाही, आणि राज्य व पालिकांच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय ओशाचं संरक्षण नाही. तुम्ही खासगी नोकरीत आहात, तेव्हा ती चिंता नको.

कागदावरचा नियम आणि प्रत्यक्ष निरीक्षक यांत अंतर असतं, हे मात्र मान्य. १९९१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या हॅम्लेट गावी कोंबडीच्या कारखान्याला आग लागली, बाहेरची दारं कुलूपबंद होती, पंचवीस कामगार गेले. त्या राज्यातही योजना होती, पण अकरा वर्षांत त्या कारखान्यात एकही तपासणी झालेली नव्हती. म्हणून राज्याची यंत्रणा ढिम्म राहिली तर तिच्याविरुद्धही केंद्रीय ओशाकडे तक्रार करता येते.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट : रात्रपाळी. जाळीची तक्रार उद्या केली तरी चालेल. तक्रार केल्याबद्दल सूड घेतला, ही तक्रार मात्र ३० दिवसांत करावी लागते, आणि मुदत रात्रपाळीचा आदेश कळला त्या दिवसापासून मोजतात. ती राज्याच्या यंत्रणेकडे आणि केंद्रीय ओशाकडे, दोन्हीकडे एकाच दिवशी नोंदवा. एकाने ‘हे आमचं नाही’ म्हटलं तरी मुदत हातची जाणार नाही. जाळीच्या तक्रारीत नाव गुप्त ठेवायला सांगता येतं, सुडाच्या तक्रारीत ते शक्य नाही; कंपनीला तुमचं नाव कळणारच.

तारखा आजच लिहून काढा : तक्रार कधी, कोणाला, पाळी बदलल्याचं कोणी सांगितलं, कारण काय दिलं. कंपनीच्या ईमेल स्वतःच्या खात्यावर पाठवू नका, त्यावरूनच तुम्हाला काढतील.

हे संरक्षण व्हिसा पाहून मिळत नाही. पण नोकरी गेलीच तर एच-वन-बीवर अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि ओशाची चौकशी तेवढ्यात संपेल याची खात्री नाही. तेव्हा तक्रार नोंदवायच्या आठवड्यातच इमिग्रेशन वकिलाला भेटून घ्या. राजीनामा द्यायला सांगितलं, तर त्याला विचारल्याशिवाय सही करू नका.