भटकी मांजर आमच्या पाळीव कुत्र्याच्या अंगावर येते. तिला इजा न करता काय करता येईल?

मांजर बहुधा कुत्र्याच्या उरलेल्या खाण्यासाठी येत असते; म्हणून कुत्र्याला घरात खाऊ घालून भांडे लगेच उचलावे, एवढ्यानेच पुष्कळदा तिचे येणे कमी होते. ती अलीकडेच आक्रमक झाली असेल, तर आसपास तिची पिल्ले आहेत का हे आधी पाहावे, कारण पिल्लांच्या रक्षणासाठी मांजर आपल्याहून मोठ्या कुत्र्यावरही धावून जाते आणि अशा वेळी पिल्ले मोठी होईपर्यंत कुत्र्याला त्या कोपऱ्यापासून दूर ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. डांबराच्या गोळ्या किंवा फिनाइल वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच मानू नये, कारण दोन्ही मांजरांना विषारी आहेत (आणि गोळ्या कुत्राही गिळू शकतो). हालचाल टिपून पाण्याचा फवारा उडवणारे यंत्र मात्र निरुपद्रवी असते. टिकाऊ उपाय म्हणजे प्राणिकल्याण संस्थेमार्फत निर्बीजीकरण, ज्यामुळे, विशेषतः बोक्यांची, भांडणे बरीच कमी होतात. कुत्र्याला ओरखडा किंवा चावा बसल्यास जखम धुऊन पशुवैद्याला दाखवावी आणि रेबीजच्या लसीची मुदत तपासावी; डोळ्याला लागले असेल, तर त्याच दिवशी न्यावे.