अनुसया, अनुसूया की अनसूया? या नावाचा नेमका अर्थ काय?

आजीचे ‘अनुसया’ हे नाव मुलीला ठेवायचे आहे, पण त्याचा अर्थ आणि शुद्ध रूप कोणते, असे आपण विचारले आहे. मूळ संस्कृत रूप ‘अनसूया’ आहे. ‘असूया’ या शब्दाआधी नकारार्थी ‘अ’ आला आणि पुढे स्वर असल्यामुळे, ‘अनादी’ किंवा ‘अनंत’ या शब्दांप्रमाणेच, त्याचा ‘अन्’ झाला. त्यामुळे या नावाचा ‘अनु’ या उपसर्गाशी काहीही संबंध नाही.

अर्थ सांगताना बहुतेक जण ‘मत्सर नसलेली’ एवढे सांगून थांबतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पाणिनीने एकाच सूत्रात ईर्ष्या आणि असूया वेगवेगळ्या मोजल्या आहेत, आणि दुसऱ्याच्या गुणांवरही दोष लादणे म्हणजे असूया, अशी व्याख्या अमरकोशात आहे. म्हणजे दुसऱ्याचे चांगले पाहून नुसते जळणे नव्हे, तर त्या चांगल्यातच खोट काढणे. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाला ‘अनसूयु’ म्हणतो, तेही याच अर्थाने.

अत्री ऋषींची पत्नी आणि दत्तात्रेयांची आई म्हणून अनसूया आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. माहूरला दत्तशिखराप्रमाणे तिच्या नावाचेही शिखर आहे. तीन देवांना बाळे करून पाळण्यात घालण्याची कथा दत्तजयंतीला सर्वत्र सांगितली जाते, पण नावाचा अर्थ मला अधिक दिसतो तो वाल्मीकी रामायणात. अयोध्याकांडाच्या शेवटी सीता तिला भेटते तेव्हा अनसूया केस पिकलेली, अंगावर सुरकुत्या पडलेली, वाऱ्यातल्या केळीसारखी थरथरणारी वृद्धा आहे. ती सीतेला वस्त्रे, दागिने आणि अंगराग देते, तिच्या तोंडून स्वयंवराची हकीकत ऐकून घेते आणि निरोप देताना, हे सगळे माझ्यासमोरच लेऊन दाखव, असा प्रेमळ हट्ट धरते. तरुण स्त्रीचे रूप आणि भाग्य इतक्या निर्मळ कौतुकाने पाहणारी ही वृद्धा खरोखरच नावाप्रमाणे आहे.

अनुसया, अनसाबाई ही बोलीतली रूपे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत, त्यामुळे आजीचे नाव कुणी ‘सुधारू’ नये. मुलीच्या जन्मदाखल्यावर मात्र ‘अनसूया’ लिहावे, आणि ‘सू’ दीर्घच राहील याकडे लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. घरात हाक मारायला ‘अनू’ आहेच.