पिवळा की पांढरा: 2बीएचकेत कुठे किती केल्विनचा दिवा लावावा?

नवीन 2बीएचकेत वायरमन सगळीकडे 6500 केल्विनचे पांढरे दिवे लावा म्हणतोय, पिवळ्याने अंधार वाटेल अशी भीती घालतोय, तर काय करावं, असं तुम्ही विचारलंय. सरसकट 6500 मुळीच लावू नका.

उजेड किती, हे लुमेन सांगतात. केल्विन फक्त छटा सांगतो. भट्टीत लोखंड तापलं की आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं, तसाच हा आकडा चढतो. वायरमनचं एवढंच खरं की एकाच कंपनीच्या, एकाच वॅटच्या पिवळ्या दिव्याचे लुमेन बहुधा थोडे कमी भरतात. त्यामुळे खोक्यावरचे लुमेन वाचून घ्या, हवं तर एक दिवा वाढवा.

बेडरूमला 2700 ते 3000, हॉललाही 3000. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर 4000. 6500 हवाच असेल तर ड्राय बाल्कनीत. देवघरात मात्र 2700च्या वर जाऊ नका. समईच्या ज्योतीचा रंग 1900च्या आसपास असतो, तिच्याशेजारी 6500ची पट्टी लावली की ज्योत मळकट दिसते आणि पितळेची झळाळीही जाते.

खरी काळजी स्वयंपाकघरात घ्या. तिथे 4000 ठीक, पण त्याहून महत्त्वाचा सीआरआय, म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा. तो 80च्या खाली असला की लाल रंग मरतो, फोडणीतला कांदा गुलाबी आहे की करपायला लागलाय ते कळत नाही. तिथे 90चा घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. शिवाय छताचा दिवा पाठीमागे असतो, म्हणून विळी-सुरीवर आपलीच सावली पडते. ओट्यावरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला पट्टी लावून घ्या.

एका नजरेत दिसणारे सगळे दिवे एकाच केल्विनचे हवेत. 3000 आणि 6500 शेजारी आले की एकच भिंत दोन रंगांची दिसते. दोन कंपन्यांचे 3000सुद्धा जुळतीलच असं नाही, तेव्हा हॉलचे सगळे दिवे एकदमच घ्या, वर दोन जास्तीचे ठेवा. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, लावणार असाल तर खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं बघा, नाहीतर दिवा लुकलुकतो.

आणि फॉल्स सीलिंगला भोकं पाडण्याआधी रंगवलेल्या भिंतीजवळ 3000 आणि 4000चा एकेक बल्ब दोन रात्री आळीपाळीने लावून बघा.