जुनी टायटॅनियम एमटीबी (माउंटन बाइक) हाती आलीय? आधी एवढं बघ

भावा, फ्रेम भारी मिळालीय, टायटॅनियम गंजत नाही, त्यामुळे घासून चकाचक करायच्या नादात पहिला रविवार घालवू नको. आधी हे बघ की:

१. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) हलतो का? अॅल्युमिनियमचा पोस्ट टायटॅनियमच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं तसाच राहिला की आत धरून बसतो. ताकद लावून पिळू नको, पेनिट्रेटिंग ऑइल सोड आणि एक-दोन दिवस थांब. परत बसवताना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लाव, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या भागाच्या) आट्यांना पण. नवीन लोक इथंच चुकतात, कोरडंच बसवतात.

२. टॉर्च घेऊन वेल्डच्या कडेला बारीक चीर शोध, खास करून बॉटम ब्रॅकेट आणि सीट ट्यूबजवळ. सापडली तर बेळगावच्या उद्यमबागेत (तिथल्या औद्योगिक वसाहतीत) नेऊन लगेच टाका मारून घेऊ नको, तिथं हुशार कारागीर आहेत, पण तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली की ते ठिसूळ होतं, आतून-बाहेरून आर्गॉन गॅस लागतो, ते काम रोज करणाराच पाहिजे.

३. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. जुन्या फोर्कमधले इलॅस्टोमर (धक्के झेलणारे रबरी तुकडे) कडक झालेले असतात, म्हणून लोक १०० मिमी दबणारा नवा घालतात आणि पुढचा भाग उचलला जाऊन हँडलिंगची वाट लागते. जुन्याच उंचीचा घे, नाहीतर साधा रिजिड (सस्पेन्शन नसलेला).

हँडलबार, केबल, टायर नवीनच. हलके पार्ट नंतर बघू. पहिल्या राइडला राजहंसगड बास आहे, जांबोटी-चोर्ला घाटाचा रस्ता पावसाळा संपल्यावर, कारण लाल चिखलात रिम ब्रेक नीट धरत नाहीत आणि पॅडपण भराभर झिजतात.