सुपरचार्जरच्या गाडीला टर्बोचा एक्झॉस्ट चालेल का?

चार सिलेंडरच्या पेट्रोल इंजिनाला सुपरचार्जर (इंजिनात दाबाने जास्त हवा ढकलणारा पंप) बसवताय, तर टर्बोच्या गाडीचा एक्झॉस्ट जसाच्या तसा उचलू का, असा तुमचा प्रश्न आहे. टर्बाइननंतरचा (टर्बाइन म्हणजे टर्बोतलं पात्यांचं चाक) मोकळा पाइप खुशाल उचला. टर्बाइनआधीचा मॅनिफोल्ड (सगळ्या सिलेंडरचा एक्झॉस्ट एकत्र आणणारा भाग) मात्र अजिबात नको.

टर्बोही इंजिनात हवाच ढकलतो, पण त्यात एक्झॉस्टचा गॅसच टर्बाइन फिरवतो. म्हणून तिथपर्यंत त्याची उष्णता आणि वेग टिकवायचा असतो. पाइप आखूड, आतली जागा कमी, भिंती जाड. पेट्रोल इंजिनात हा गॅस 900 अंशांच्या वर जातो आणि टर्बोचं वजनही बहुतेक वेळा मॅनिफोल्डवरच असतं, त्यामुळे पातळ पत्र्याचा सुबक हेडर (प्रत्येक सिलेंडरला वेगळी नळी असलेला मॅनिफोल्ड) तिथे लवकर तडकतो.

त्यातली खरी कारागिरी ट्विन स्क्रोलमध्ये, म्हणजे टर्बाइनकडे दोन वेगळ्या वाटा असलेल्या टर्बोत दिसते. फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2 धरा. पहिल्या सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायच्या आत तिसऱ्याचा उघडतो, आणि तिसऱ्याचा जोरदार झोत पहिल्यात उलटा घुसू शकतो. म्हणून 1 आणि 4 एका वाटेने, 2 आणि 3 दुसऱ्या वाटेने थेट टर्बाइनच्या तोंडापर्यंत वेगळे नेतात. झोत एकमेकांना आडवे येत नाहीत आणि टर्बो कमी आरपीएमला जागा होतो. टर्बाइन ओलांडली की नियम उलटतो: डाउनपाइप (टर्बाइननंतरचा पाइप) जितका मोकळा, तितका टर्बाइनच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोठा.

सुपरचार्जर क्रँकशाफ्टच्या बेल्टवर फिरतो. त्याला एक्झॉस्टकडून काही नको. त्यामुळे साध्या इंजिनासारखे लांब, सारख्या लांबीचे हेडर पाइप घ्या, फक्त गॅस जास्त असल्याने व्यास थोडा मोठा ठेवा. ‘थोडं बॅक प्रेशर लागतंच’ असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. पाइपमध्ये गॅसचा वेग लागतो, अडथळा नाही.

कॅमशाफ्टकडे (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मात्र नक्की बघा. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असताना इनटेकला बूस्टचा, म्हणजे सुपरचार्जरने वाढवलेला दाब आणि एक्झॉस्टला मोकळी वाट, अशी स्थिती असते. हा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, जास्त असेल तर ताजी हवा, आणि पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधीच फवारलं जातं) असेल तर तिच्याबरोबर पेट्रोलही, न जळता सरळ बाहेर जातं. जास्त ओव्हरलॅपचा रेसिंग कॅम म्हणूनच इथे नको.

हेडर बदलल्यावर बूस्टचा काटा थोडा खाली आला तर घाबरू नका. रूट्स किंवा स्क्रू प्रकारचा सुपरचार्जर एका फेऱ्यात जवळपास ठरलेली हवा ढकलतो. इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं की तीच हवा कमी दाबात आत जाते आणि ताकद उलट वाढते. टर्बोत मोकळ्या डाउनपाइपने बूस्ट वर सरकू शकतो, वेस्टगेट (जादा गॅस टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप) लहान असेल तर आवरतही नाही. तुमच्याकडे तो धोका नाही, तरी नवा हेडर लावल्यावर हवा-इंधनाचं प्रमाण वाइडबँड सेन्सरवर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हे प्रमाण मोजणारा) तपासून मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला इंधनाचा तक्ता) दुरुस्त करून घ्या, आणि तोवर फुल थ्रॉटल देऊ नका.