आधी पहिलं बिल शोध

प्रिय मुली,

काल फोनवर म्हणालीस, "काका, नाव बदलूनच टाकते, कटकट नको." रात्रभर झोपली नसशील, आवाजावरूनच कळलं. पण आजीच्या नावाचा कांदा-लसूण मसाला तू सहा वर्षं विकतेस. समोरच्यानं दोन वर्षांपूर्वी ते नाव वापरायला घेतलं, ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं आणि आता तुलाच नोटीस धाडली, म्हणून तू पाकिटं बदलायला निघालीस? थांब. आधी पहिलं बिल शोध.

1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्याचं कलम 34 वकिलाकडून समजून घे. समोरच्याचा वापर किंवा नोंदणी, यांत जे आधीचं असेल त्याच्याही आधीपासून तू नाव सलग वापरत असशील, तर नोंदणी दाखवून तो तुला अडवू शकत नाही. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' या नावाच्या वादात दोन्ही विक्रेत्यांकडे नोंदणी होती. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वजन दिलं ते याला, की नाव आधी कोणी वापरलं.

पण आधी वापरलं हे दाखवणार कशानं? मी इथेच बुडालो. लोणच्याचं नाव माझं, चव आईची, आणि नोंदणी करून बसला माझाच माल उचलणारा वितरक. कोर्टात पहिल्या वर्षांची बिलबुकं मागितली. ती मी एका दिवाळीत रद्दीत घातली होती. माझ्या हातानं. सात वर्षं तारखा केल्या, हिच्या पाटल्या गेल्या आणि शेवटी तडजोडीत नाव सोडलं. घरचे अजून म्हणतात, हट्ट केलास. केला. आईची चव दुसऱ्याच्या बरणीत बघून मी गप्प बसायला हवं होतं का? भांडलो याचं मला आजही वाईट वाटत नाही. ती बिलबुकं मात्र अजून स्वप्नात येतात.

म्हणून शोध. लेबल छापून घेतलंस त्या छापखान्याचं बिल, बचत गटाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी, बँकेतल्या नोंदी. दर वर्षाचं काहीतरी हवं, कारण वापर सलग दिसला पाहिजे. "माझ्याकडे शॉप अ‍ॅक्ट आहे, उद्यम आहे, फूड लायसन्स आहे," असं तू तीनदा म्हणालीस. अगं, दुकानाची नोंदणी, छोट्या उद्योगाची नोंदणी, खाद्यपदार्थांचा परवाना, यांतल्या एकानंही नावावर हक्क मिळत नाही! पण त्यांवर नाव आणि तारीख असेल, तर पुराव्याच्या फाइलीत तेही लाव.

नोटिशीला उत्तर वकिलाकडूनच जाऊ दे. त्या माणसाला फोन करून "चुकून झालं" म्हणू नकोस, मेसेज तर मुळीच नको. ट्रेडमार्क नोंदणीसाठी तुझा स्वतःचा अर्जही टाक. त्यासाठी मालाचे वर्ग पाडलेत, मसाले वर्ग 30 मध्ये येतात, वैयक्तिक ऑनलाइन अर्जाची फी 4,500 रुपये. आणि नीट ऐक: फॉर्म भरणारा आधीच्या वापराच्या प्रतिज्ञापत्राची कटकट टाळायला 'पुढे वापरणार' असं लिहून मोकळा होईल. लिहू देऊ नकोस. सहा वर्षांचा वापर तू स्वतःच्या सहीनं पुसशील. पहिल्या विक्रीची तारीख टाक, सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागद जोड. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर गोलातला 'आर' छापू नकोस, तो गुन्हा आहे.

वकिलाची फी, वेळ, हे नंतर बोलू. आज माळ्यावरचे खोके उतरव. जुना फोन विकला नसशील ना? त्यातल्या ऑर्डरी आधी उतरवून घे आणि सापडेल तो सर्वांत जुना कागद मला रात्रीच पाठव. मी जागा आहे.

तुझा,
काका